हवा तोलायला बसण्याआधी

फुगे आणू नका. काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधून एक फोडायचा, हा खेळ दिसायला छान, पण फसवा. फुग्यात जेवढी हवा मावते, जवळजवळ तेवढ्याच वजनाची बाहेरची हवा तो बाजूला सारतो आणि तेवढाच वर उचललाही जातो. काठी कलते ती आतली हवा किंचित दाबलेली असते म्हणून, आणि तोंडाने फुगवला असेल तर थुंकीमुळेही. आकार न बदलता जादा हवा कोंबता येईल अशी वस्तू हवी. म्हणजे पाच नंबरचा फुटबॉल, हवा भरून आधीच टणक केलेला. मऊ बॉल आणाल तर पुन्हा फुग्याचीच गत. बॉल तोलायचा, त्यातली दोन लिटर हवा बाटलीत मोजून काढायची, पुन्हा तोलायचा, एवढाच खेळ.

पंप, पिन, बादली, २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, फिशटँकची बारीक नळी. आणि कोरडं फडकं. फडकं आत्ताच काढून पिशवीत टाका, मग पुढचं वाचा.

काटा स्वयंपाकघरातला चालणार नाही, तो एकेक ग्रॅमने उड्या मारतो. सराफ बाजारात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडचा छोटा काटा मागून आणा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरतो, ०.०१ चा मिळाला तर उत्तमच. फक्त तो ५०० ग्रॅम पेलतो ना, ते विचारून घ्या, कारण बॉलच ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. बॉल काट्यावर ठेवला की घरंगळतो, आणि ठेवून धरलाच तर त्याच्याखाली आकडे झाकले जातात. मध्ये चहाचा कागदी कप ठेवा, तोंड वर करून. स्टीलचा पेला नको, त्याच्या वजनाने काटा भरतो. कप ठेवून शून्य करा, मग बॉल. पंखा बंद, खिडकी बंद. गच्चीवर मांडायचा उत्साह आवरा.

आता फडक्याचं सांगतो. नाशकात एक लिटर हवा साधारण १.१ ग्रॅम भरते. पाण्याचे वीस-बावीस थेंबही तेवढेच भरतात. बादलीत हात घालून, तोच ओला हात लावून बॉल उचललात तर दोन लिटर हवा काढल्याचा फरक सहज बुडतो. विज्ञान दिनाला पोरांसमोर आमचा बॉल हवा सोडल्यावर जड झाला होता. एकाने लगेच विचारलं, ‘काका, म्हणजे हवेला उणे वजन असतं का?’ खिशातल्या रुमालाने भागत नाही. बॉलच्या शिवणीत पाणी बसतं, ते दिसत नाही, कापड दाबून टिपावं लागतं. पिनेच्या भोकापाशीही एक थेंब हमखास असतो. सुती फडकी दोन घ्या, एक हाताला, एक बॉलला. हाताचं बॉलला लावू नका.

पिन थुंकी लावून घालायची सवय असते सगळ्यांना. लावा, पण पहिलं वजन करण्याआधी एकदा घालून-काढून घ्या आणि भोक टिपा. पंप मारल्यावर बॉल कोमट होतो, तो निवू द्या. मग वजन, आणि आकडा लगेच कागदावर.

बाटली पाण्याने काठोकाठ भरून बादलीतल्या पाण्यात उपडी धरा, नळीचं एक टोक बाटलीत, दुसरं पिनेला. एकाने बाटली धरायची, दुसऱ्याने बॉल आणि पिन. बॉल धरणाऱ्याने पाण्याला हात लावायचा नाही, अजिबात नाही. बाटलीवर दोन लिटरची खूण आधीच करून ठेवा. वाचताना आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत आणा, नाहीतर आतल्या हवेचा दाब वेगळा राहतो. खुणेला पोचलं की पिन उपसा. बॉल टिपा. पुन्हा टिपा. मग काट्यावर.

फरक भागिले दोन. १.१ च्या आसपास यावं. कुणीतरी पुस्तक उघडून १.२९ दाखवेल. तो आकडा शून्य अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवरचा. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, इथला दाब किनाऱ्याच्या मानाने सहा-सात टक्के कमी, वर फेब्रुवारीतली दुपार. गॅलिलिओने काचेच्या भांड्यात हवा कोंबून वाळूच्या कणांनी ती तोलली होती. १६३८ साली छापलेला त्याचा हिशेब असा, की पाणी हवेच्या ४०० पट जड. खरं उत्तर ८०० च्या घरात. तेव्हा तुमचं ०.९ आलं तरी चालेल.

दुसऱ्यांदा करायचं तर पुन्हा पंप, पुन्हा थांबा, कप तोच. बाकी आवराआवर ज्याची त्याने. काटा परत करायच्या आधी पुसून द्या.