घटस्फोट घेताय? घराच्या कागदांत या चुका टाळा

कोर्टाच्या हुकूमनाम्याने लग्न संपतं. गृहकर्ज, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सिटी सर्व्हेचा उतारा आणि लॉकर जिथल्या तिथे राहतात. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात वर्षानुवर्षं वकिली करतेय, तरी लोक अजून इथेच तोंडघशी पडतात. संमतीने वेगळे होणारे तर जास्तच. "मॅडम, एकदाचं मोकळं करा, घराचं नंतर बघू." नंतर कोणीही बघत नाही.

"घर तुझं, हप्ते माझे"

पाथर्डी फाट्याजवळचा टू बीएचके. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या. तडजोडीत ठरलं: फ्लॅट बायकोला, हप्ते नवरा भरणार, पोटगी नाही. सह्या झाल्या, हुकूमनामा मिळाला. पुढे नवऱ्याची अंबड एमआयडीसीतली नोकरी गेली आणि हप्ते थांबले. 90 दिवस उलटल्यावर खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत गेलं, मग बँकेची 60 दिवसांची नोटीस तिच्या दारावर लागली. ती हुकूमनामा घेऊन शाखेत गेली. मॅनेजरने तो शांतपणे वाचला आणि परत दिला. चुकला नाही तो. बँक त्या प्रकरणात पक्षकारच नव्हती. बँकेच्या लेखी कर्ज दोघांनी घेतलंय आणि पूर्ण रकमेला दोघंही बांधील आहेत. आईच्या पाटल्या मोडून तिने थकबाकी भरली, आणि मग माझ्याकडे आली.

म्हणून मी कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींचा, मसुदा लिहायच्या आधी दोघांनाही बँकेत पिटाळते. घर ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज चालेल का आणि दुसऱ्याचं नाव निघेल का, याचं उत्तर लेखी आणा. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत कर्ज वळवून बघा, तेही जमलं नाही तर घर विका. मुलांची शाळा जवळ आहे, बाल्कनीतून पांडवलेणी दिसतात, सगळं खरं. पण न झेपणारं घर हट्टाने घेऊ नका.

नोटरीची सोडचिठ्ठी

याचा मला मनापासून राग आहे. स्टॅम्प पेपर आणायचा, दोन्हीकडची चार माणसं बसवायची, नोटरीचा शिक्का मारायचा, की झाली फारकत! हिंदू विवाह कायद्याखाली याने घटस्फोट होत नाही. समाजाची रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण ते सोपं नाही. वर त्याच कागदावर "घरावरील हक्क सोडला" असंही लिहितात. घरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं.

राहतं घर नवरा-बायकोत बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे; महापालिका हद्दीतला 1 टक्का अधिभार वेगळा. पण सवलत नवरा-बायकोसाठी आहे, हुकूमनाम्यानंतर ते नातं उरत नाही. संमतीच्या घटस्फोटात कोर्टासमोर दोनदा जावं लागतं: अर्ज करताना पहिली मोशन, हुकुमासाठी दुसरी. म्हणून दस्त आधी, दुसरी मोशन नंतर. हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे देणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. माझी पद्धत अशी: दुसऱ्या मोशनच्या आदल्या दिवशी दस्त. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) त्याआधी.

बाकीच्या चुका

"अर्धं घर मिळतंच" हे रील्सवरचं ज्ञान आहे. आपल्याकडे घटस्फोटात आपोआप अर्धा वाटा नाही. राहण्याचा हक्क, पोटगी, स्त्रीधन यांचे मार्ग वेगवेगळे. निफाडची द्राक्षबाग सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर असेल तर त्यात सुनेचा हिस्सा निघत नाही. नवऱ्याला बागेतून मिळणारं उत्पन्न मात्र पोटगी ठरवताना धरलं जातं.

स्त्रीधनाची यादी वजनासकट करा, सराफाच्या पावत्या जोडा. "सर्व दागिने मिळाले" एवढ्यावर सही करू नका.

पीएफ आणि विम्याचे नॉमिनी बदला.

एकरकमी पोटगी सगळी पहिल्या मोशनला देऊ नका. शेवटचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या मोशनला, कोर्टात, हातात.

"बाकी सर्व व्यवहार आपसात मिटले" हे वाक्य दिसलं की मी पेन्सिलने शेजारी लिहिते: कोणते? कोण करणार? कधीपर्यंत? नाही केलं तर? उत्तरं आल्याशिवाय मसुदा पुढे जात नाही.

आता दोन मोशनमधले सहा महिने थांबायचं नाही म्हणणाऱ्यांसाठी. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत माफ करता येईल असं सांगितलं, हे तुम्ही गूगल करूनच येता. त्याच निकालातली अटही वाचा: पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीचे प्रश्न खरोखर मिटलेले हवेत. बँकेचं पत्र आणि दस्ताचा मसुदा तयार ठेवा, मग मी अर्ज टाकते.