हेइआन शोदान मधेच का संपायचा?

कराटेच्या पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेआधी दोन आठवडे माझा हेइआन शोदान हा काता (हालचालींचा ठरलेला क्रम) रोज अर्ध्यात संपत होता. शोतोकान शैलीतल्या या कातात २१ हालचाली आहेत. मी नवव्या हालचालीवर, म्हणजे तिसऱ्या आगे-उकेला (वरच्या बचावाला) किआई (जोरदार आरोळी) द्यायचो, वळायचो आणि थेट शेवटचे शुतो-उके (उघड्या हाताचे बचाव) सुरू करायचो. मधल्या आठ हालचाली गायब! पाठांतर कच्चं म्हणून मी तो वीस-वीस वेळा केला. चूक आणखी पक्की झाली.

मग कागदावर एन्बुसेन (काता ज्या रेषांवर चालतो त्यांचा नकाशा) काढलं तेव्हा कारण दिसलं. दोन्ही किआईंनंतर वळण एकच आहे: डावा पाय मागून फिरवून २७० अंश. पहिल्या वेळी गेदान-बाराई (खालचा बचाव), दुसऱ्या वेळी शुतो-उके. पाय सारखेच, म्हणून हात फसत होते.

तेव्हापासून काता शेवटाकडून बसवला. आधी फक्त चार शुतो-उके. मग त्यांच्याआधीचे तीन ओइ-झुकी (पाऊल पुढे टाकून मारलेले ठोसे) जोडले, मग त्याआधीचा तुकडा. पहिल्या किआईनंतर मनात ‘खाली’ म्हणायचो, दुसऱ्यानंतर ‘उघडा हात’. नुसत्या पायांनीही रोज एक फेरी, हात कमरेवर. आणि दरवेळी वेगळ्या भिंतीकडे तोंड करून, कारण वर्गात मी नकळत खिडकी बघून वळत होतो. (शेजाऱ्याकडे बघून वळणं त्याहून वाईट.)

चौथ्या दिवशी काता पूर्ण झाला, आणि सुरू केला होता त्याच फरशीवर थांबला. तो आनंद अजून आठवतो. आता पुढचा काता, हेइआन निदानही असाच शेवटाकडून बसवतोय.