हॅरोगेटच्या रहस्यकथा महोत्सवाला लेखक म्हणून जाताना

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या हॅरोगेट गावात दर जुलैला रहस्य आणि गुन्हेगारी कादंबऱ्यांचा महोत्सव भरतो. थीकस्टन ओल्ड पिक्युलियर क्राइम रायटिंग फेस्टिव्हल हे त्याचं लांबलचक नाव. थीकस्टन म्हणजे जवळच्या मॅशम गावची बिअर बनवणारी कंपनी, महोत्सवाची प्रायोजक. 2003 पासून हा महोत्सव चालू आहे. तो भरतो ओल्ड स्वान हॉटेलात. डिसेंबर 1926 मध्ये अकरा दिवस बेपत्ता झालेल्या अगाथा ख्रिस्ती सापडल्या त्या इथंच, आणि नोंदवहीत त्यांनी आडनाव लिहिलं होतं नील, म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीचं! रहस्यकथाकारांनी जमायला याहून चांगली जागा कुठली?

आधी तारखा आणि खोली. महोत्सव गुरुवार ते रविवार असतो. ओल्ड स्वानमधल्या खोल्या लवकर संपतात, पण हट्ट धरू नका; चालत जाता येईल असं कुठलंही लॉज चालेल. लीड्समध्ये स्वस्तात राहून रोज ट्रेननं ये-जा करणं कागदावर छान दिसतं. पण खऱ्या गप्पा रात्री जेवणानंतर रंगतात आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला शेवटची गाडी गाठायला पळावं लागतं. भारतातून जाणार असाल तर व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो, त्याहून लवकर नाही. मानधन घेऊन बोलणार असाल तर आयोजकांचं निमंत्रणपत्र अर्जासोबत जोडा.

पहिल्या वर्षी वाचक म्हणून जा. मंचावर बोलावणं आलं नाही म्हणून घरी बसू नका. लेखकाला मंचावर जागा मिळावी यासाठी बहुधा प्रकाशकाचा प्रसिद्धी विभागच खटपट करतो. स्कॉटिश रहस्यकथाकार व्हॅल मॅक्डर्मिड ज्यात नवोदितांची ओळख करून देतात त्या 'न्यू ब्लड' कार्यक्रमाला मात्र आवर्जून बसा. पहिलं पुस्तक हाती असलेली माणसं किती मोजकं बोलतात, ते कान देऊन ऐका.

पुस्तक एका वाक्यात सांगायला शिका. इथं जो तो विचारतो, "तुम्ही काय लिहिता?" यावर "माझी कादंबरी मानवी मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांचा शोध घेते" असं म्हणालात की समोरचा मान डोलावून चहा आणायला निघून जातो. त्याऐवजी म्हणा, "देवगडच्या आंब्याच्या बागेतला राखणदार मेलेला सापडतो, आणि त्याच्या खिशात पुढच्या आठवड्याची तारीख असलेली पावती निघते." आता तो विचारणारच, "कसली पावती?" तिथंच थांबा, शेवट फोडू नका. गुरुवारच्या लेखन कार्यशाळांमध्ये 'ड्रॅगन्स पेन' नावाचा प्रकार असतो. एजंट (लेखकाचं पुस्तक प्रकाशकांकडे नेणारे मध्यस्थ) आणि संपादकांपुढे दोन मिनिटांत कथाकल्पना मांडायची. तिथंही कामी येतं ते हेच वाक्य.

मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या दोन-तीन प्रकरणांचा चांगला इंग्रजी अनुवाद तयार ठेवावा. पण तो पिशवीतून काढून कुणाच्या हातात कोंबू नये. समोरच्यानं मागितला तर दुसऱ्या दिवशी मेलनं पाठवायचा.

मंचावर बसायची वेळ आली तर शेजारच्या लेखकांची पुस्तकं आधी वाचून जा. चर्चा साधारण तासाभराची, माणसं चार-पाच. वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात. त्यातली दोन दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल बोलण्यात घालवलीत तर श्रोत्यांना तुम्ही जास्त आवडता. स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती टेबलावर किल्ल्यासारख्या रचू नका.

मग स्वाक्षऱ्या. ही खरी परीक्षा. शेजारी एखादं मोठं नाव, त्याच्यापुढे दारापर्यंत रांग, आणि तुमच्यापुढे दोनच माणसं, त्यातलं एक स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारायला आलेलं! अशा वेळी मोबाइलमध्ये डोकं घालू नका. शेजारच्या रांगेत ताटकळणाऱ्यांशी बोला, "तुमचा आवडता गुप्तहेर कोण?" एवढं पुरतं. वाचकाचं नाव लिहिण्याआधी स्पेलिंग विचारून घ्या. जॉनसुद्धा दोन तऱ्हांनी लिहितात.

संध्याकाळी हिरवळीवर आणि बारमध्ये थांबा. मला विचाराल तर तिकिटाचे निम्मे पैसे इथंच वसूल होतात. पानापानावर मुडदे पाडणारी ही माणसं प्रत्यक्षात कमालीची मनमिळाऊ असतात. दारू घेत नसाल तर लिंबूपाणी घेऊन उभं राहिलात तरी कुणी विचारत नाही. एजंट दिसला की झडप घालू नका. त्याच्या एखाद्या लेखकाचं पुस्तक तुम्हाला आवडलं असेल तर तिथून बोलणं सुरू करा. दमलात तर खुशाल झोपायला जा, चार दिवस सलग हसतमुख राहणं कुणालाच जमत नाही. जुलै असला तरी छत्री आणि स्वेटर लागतोच.

परतल्यावर आठवडाभरात, ज्यांच्याशी नीट बोलणं झालं त्यांनाच मेल करा. कुठं भेटलो, काय बोललो हे दोन ओळींत, आणि त्यांनी मागितलेली प्रकरणं सोबत.