खाली होडी, वर घर: रेझिनचा वास असा थांबवला

नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यालगतच्या आमच्या प्रीफॅब (तयार पॅनेल जोडून उभारलेल्या) शेडमध्ये खाली फायबरच्या होडीचं काम, वर बिऱ्हाड. पॉलिस्टर रेझिनचा वास वर यायचा. छताजवळचा एक्झॉस्ट फॅन पुरत नव्हता, कारण रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. फॅन खाडीकडच्या भिंतीत जमिनीपासून फूटभरावर आणला. फॅनची मोटर फ्लेमप्रूफच (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारी) हवी, ही वाफ पेट घेते. समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला हवेची जाळी काढली. मजल्याच्या पॅनेलचे सांधे ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) बंद केले, जिन्याला रबर गॅस्केटचं दार बसवलं.

पॅनेलच्या दोन पत्र्यांमधला गाभा थर्माकोलचा असेल तर कापलेल्या कडा पत्र्याच्या यू-चॅनेलने झाकाच. स्टायरीन लागलं की थर्माकोल विरघळतो आणि पॅनेल आतून पोकळ होतं. बाहेरून पत्रा मात्र धड दिसतो. पावसाळ्यात फॅनमुळे दमट हवाही आत येते. होडीच्या थरांसाठीच्या काचतंतूंच्या मॅट ओलसर झाल्या की त्यांत रेझिन नीट भिनत नाही, म्हणून मॅटचे रोल वरच्या मजल्यावर ठेवतो.