ह्मोंग अंत्यवस्त्रं : या चुका टाळा

ह्मोंग हा दक्षिण चीन, लाओस, व्हिएतनाम आणि थायलंडच्या डोंगरांत राहणारा समाज. ह्मोंग माणसाला मृत्यूनंतर घालतात ते कपडे म्हणजे प्रवासाची तयारी. अंत्यविधीत जाणकार 'खुआ के' हे वाट दाखवणारं गीत गातो. आयुष्यात माणूस जिथे जिथे राहिला, ती गावं उलट्या क्रमाने घेत हे गीत त्याला जन्मस्थळी पोचवतं. तिथे पुरलेली आपली वार (बाळाच्या जन्मानंतर नाळेसोबत बाहेर पडते ती) घ्यायची आणि मग पूर्वजांकडे जायचं. ह्मोंग भाषेत वारेला 'अंगरखा' असाच शब्द आहे. मुलाची वार घराच्या मुख्य खांबाशी पुरत, मुलीची आईवडिलांच्या पलंगाखाली. 'इथे माझी नाळ पुरलीय' असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. शेवटचे कपडे घालून माणूस आपला पहिला कपडा शोधायला निघतो. खालच्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळेच होतात.

'हेम्प'चं भाषांतर ताग किंवा अंबाडी करणं

मराठी लेखांत ही चूक हमखास दिसते. ताग आणि अंबाडी ही वेगळी झाडं. ह्मोंग कापड भांगेच्या झाडाच्या सालीचं. रोपं दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता ती सरळ उंच वाढतात. साल सोलून पट्ट्या करतात, एकीचं टोक दुसरीत पिळून लांब धागा बनवतात, राखेच्या पाण्यात उकळून तो मऊ आणि पांढरा करतात, मग विणतात. पूर्वजांनी आपल्या माणसाला ओळखावं म्हणून हेच कापड हवं. त्यामुळे आतबाहेर कितीही थर असले, तरी त्यातला एक तरी या कापडाचा असावा असा आग्रह असतो.

बाजारात मात्र या नावाखाली पॉलिएस्टर मिसळलेलं कापडही मिळतं. शिवण्याआधी कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. सालीचा धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण सुती आणि लिननचे धागेही असेच जळतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. पन्हा बघा. हातमागावरचं पारंपरिक कापड अरुंद असतं, रुंद अंगरख्याला पट्ट्या जोडाव्या लागतात. मीटरभर पन्ह्याचं एकसंध कापड गिरणीतलं समजा.

अमेरिकेत भांगेच्या लागवडीवर दीर्घकाळ निर्बंध होते. तंतूसाठीचं पीक संघीय पातळीवर 2018 च्या शेती कायद्याने मोकळं झालं. निर्बंधांच्या त्या काळापासून सेंट पॉल, फ्रेस्नो अशा अमेरिकी शहरांत निर्वासित म्हणून येऊन स्थायिक झालेली ह्मोंग कुटुंबं लाओस-थायलंडहून आणलेलं कापड वर्षानुवर्षं जपून ठेवत आली आहेत. अशा घरात 'एवढं जुनं कशाला, नवं घेऊ' असं सुचवू नका.

धातू राहून जाणं

सगळ्यात जास्त त्रास या चुकीने होतो. मृताच्या अंगावर धातू गेला, तर आत्म्याच्या वाटेत आणि पुनर्जन्मात अडथळा येतो, वंशजांना आजारपण येतं, अशी श्रद्धा आहे. म्हणून बटण, चेन, हुक, सेफ्टी पिन, नाणी, चांदीचा गळ्यातला दागिना, काहीही चालत नाही. कपडे नाडीने किंवा कमरपट्ट्याने बांधतात.

चुंबक फिरवून खात्री झाली असं मानू नका. चांदी, पितळ आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाहीत, आणि चेनचे दात बरेचदा पितळ किंवा ॲल्युमिनियमचेच असतात. प्रत्येक शिवण बोटांनी दाबून पाहा. जरीसारख्या चकाकत्या दोऱ्याकडेही लक्ष द्या, त्यात धातूचा मुलामा असू शकतो. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी शस्त्रक्रियेतले धातूचे टाके किंवा पेसमेकर यांबद्दल कुटुंबाने विचारलं, तर प्रश्न विचित्र समजू नये. त्याची सरळ उत्तरं द्यावीत.

नववर्षाचा पोशाख घालणं

फोटोत दिसणारा झगमगीत ह्मोंग पोशाख नववर्षाचा असतो. नाणी लोंबणाऱ्या पिशव्या, मशीनचं भरतकाम, कृत्रिम कापड. सुंदर असतो, पण वरच्या दोन्ही कारणांनी अंत्यविधीला बाद. तयार कपडे घ्यायचेच असतील, तर दुकानात 'वृद्धांचे कपडे' म्हणून वेगळे मागा. तसंच, 'पांढरे' आणि 'हिरवे' (निळेही म्हणतात) हे ह्मोंगांचे दोन पोटगट आहेत. पांढऱ्या ह्मोंग बाईचा पांढरा चुणीदार घागरा आणि हिरव्या ह्मोंग बाईचा मेणाने नक्षी काढून निळीत रंगवलेला घागरा यांची अदलाबदल करू नका. विवाहित स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याच्या कुळातल्या ज्येष्ठांना विचारा. विधी त्या कुळाच्या रीतीने होतात, आणि कुळागणिक तपशील बदलतात.

पायांचा विसर पडणं

'खुआ के'मध्ये वाटेवर केसाळ सुरवंटांचा डोंगर येतो. तो ओलांडायला भांगेच्या सालीचे जोडे हवेत. रबरी तळव्याची चप्पल किंवा बूट चालत नाहीत.

भरतकामाचा चौकोन 'कुशन कव्हर' समजणं

'नोंग जोंग' हे चौकोन लेकी आईवडिलांसाठी करतात आणि ते मृताच्या उशाशी ठेवतात. वरचं कापड कापून, कडा आत दुमडून खालचा रंग दाखवायचा, असं ते बारीक काम असतं. पुढच्या जगातली संपत्ती आणि मुलांचा मान त्यात असतो. लाओसमधल्या युद्धानंतर ह्मोंग लोक थायलंडमधल्या निर्वासित छावण्यांत आले, तिथून हे चौकोन विक्रीला आले आणि खरेदीदारांनी त्यांना सोफ्यावर बसवलं. माणसं, विमानं, नदी ओलांडणारी कुटुंबं भरलेली 'कथा-वस्त्रं' मात्र 1975 नंतर त्याच छावण्यांत सुरू झाली. ती अंत्यवस्त्रं नाहीत. संग्रहाच्या चिठ्ठीवर दोन्ही एकत्र लिहू नका.

सगळ्यांना एकच नियम लावणं

अनेक ह्मोंग कुटुंबं ख्रिस्ती आहेत आणि त्यातली बरीच हे विधी करत नाहीत. आधी विचारा, मग कापडाची बोलणी करा.

ऐनवेळी शिवायला घेणं

हे कपडे माणूस हयात असतानाच करून पेटीत ठेवतात, त्यात अशुभ काही मानत नाहीत. घाईत मापासाठी शिवण उसवावी लागली, तर टाचण्या लावू नका, दोऱ्याने कच्ची टीप घाला. आणि टाचण्या वापरल्याच, तर लावताना मोजा आणि काढताना पुन्हा मोजा.