ब्राह्मीविषयीचा दावा कसा पडताळावा

ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते असे सांगणारा मजकूर हाती आला, की आधी मूळ शोधनिबंध मिळवावा आणि प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, ते पाहावे. उंदरांवरचा असेल तर तो तेथेच मिटवून ठेवावा.

यापुढचा प्रश्न मात्र भल्याभल्यांना चकवतो: प्रयोग नेमक्या कोणत्या वनस्पतीवर झाला? ब्राह्मी हे एकच नाव आपल्याकडे दोन निराळ्या वनस्पतींना चिकटलेले आहे. गोव्यात कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, पाटाच्या कडेने पसरणारी, जिला आपण एकपानी म्हणतो, ती मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. स्मरणशक्तीचे जे मानवी प्रयोग वारंवार उद्धृत केले जातात, ते बहुतांशी बकोपा मोनिएरी या नीरब्राह्मीवरचे आहेत. मी स्वतः काही वर्षे एकपानीची चटणी खात होतो आणि पाहुण्यांना निबंध दाखवत होतो ते बकोपाचे. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचिताने पान हातात घेऊन चूक दाखवली, तेव्हा फार ओशाळलो. एकपानीचे पान गोलसर, दातेरी कडांचे आणि लांब देठावर उभे असते. नीरब्राह्मीची पाने लहान, मांसल, लांबट, जवळजवळ बिनदेठाची व समोरासमोर असतात. फूल पांढरे किंवा फिकट जांभळे, आणि चव चांगलीच कडू. एकपानी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, पण एकीच्या पुराव्यावर दुसरी विकू नये. ज्या लेखात शास्त्रीय नाव नाही, तो मी पुढे वाचतच नाही.

नाव जुळले की मात्रा आणि मुदत पाहावी. ऑस्ट्रेलियात 2001 मध्ये 46 निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात रोज 300 मिलिग्रॅम अर्क दिला होता आणि सुधारणा दिसली ती 12 आठवड्यांनी. त्याच वर्षी 38 जणांना एकच मात्रा देऊन दोन तासांनी तपासले, तेव्हा काहीही फरक आढळला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला ब्राह्मी पाजणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय हे मिलिग्रॅम प्रमाणित, म्हणजे घटकांचे प्रमाण ठरवून काढलेल्या, अर्काचे असतात. मूठभर पाल्याशी त्यांचा हिशेब जुळवू नये.

काय मोजले, तेही बारकाईने वाचावे. 2002 मध्ये 40 ते 65 वयाच्या 76 जणांच्या चाचणीत शिकण्याचा वेग वाढला नव्हता. नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण तेवढे घटले होते. या चाचण्या निरोगी माणसांच्या असल्याने त्यांचा निष्कर्ष अल्झायमरच्या रुग्णाला लावणे मला सर्वथा अमान्य आहे.

शेवटी दुष्परिणामांचा परिच्छेद वाचावा. पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींच्या 2010 मधील चाचणीत पोटात कळा, मळमळ आणि वारंवार शौचास होणे, या तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. नियमित औषधे चालू असणाऱ्याने अर्काची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नये.