गिऱ्हाइकाशी बोलणारी वेबसाइट कशी करावी

कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीत संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलं की धंदा कसा होतो ते दिसतं. गिऱ्हाईक चप्पल उचलतं, वाकवून बघतं, नाकाशी नेतं आणि मग विचारू लागतं. "पावसात चालंल काय?" "पहिलं चार दिवस चावती म्हणत्यात, खरं काय?" "करकर वाजणारी हाय काय?" दुकानदार बसल्या जागेवरून उत्तरं देतो, पायाकडं एक नजर टाकून नंबर सांगतो, "आत्ता घट्ट वाटंल, पण कातडं सैल पडतंय" असा धीर देतो. खिशातून पाकीट बाहेर येतं ते या बोलण्यामुळं.

आता त्याच दुकानाची वेबसाइट उघडा. वर एक मोठा फोटो, खाली 'आमच्याविषयी', 'अस्सल आणि दर्जेदार', आणि फोन नंबरही फोटोतच छापलेला, म्हणजे बोट लावलं तरी फोन लागत नाही. नागपूरच्या माणसाला पडलेला एकही प्रश्न तिथं विचारता येत नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच घडणीच्या चपला आणल्या आणि कोल्हापुरीचं नाव जगभरच्या बातम्यांत आलं. त्या दिवसांत कुणी शोधत शोधत तुमच्या साइटवर पोचलं असतं, तर त्याला तिथं कुणी बोलायला भेटलं असतं का? हा प्रश्न मला टोचतो, कारण माल इथं आहे, बोलून विकणारी माणसं इथं आहेत, आणि ते बोलणं तेवढं साइटवर गेलेलं नाही. ते कसं न्यायचं हे क्रमानं सांगतो. चपला, गूळ, चटणी, हुपरीची चांदी किंवा शिरोलीचं कास्टिंग (लोखंडी ओतकाम), काहीही विकत असाल तरी पद्धत हीच.

आधी आठ दिवस वही

साइट करणाऱ्याला बोलावण्याआधी गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. फोनवर आलेलं, व्हॉट्सॲपवर आलेलं, सगळं. शुद्ध करू नका. 'करकर वाजणारी चप्पल' असं विचारलं असेल तर तसंच लिहा, कारण माणूस बोलतो त्याच शब्दांत गुगलवर शोधतो. आठ दिवसांनी वही चाळली की तेच ते दहा-पंधरा प्रश्न फिरून फिरून आलेले दिसतील. तुमच्या साइटचा आराखडा तोच. दुसऱ्याची साइट दाखवून 'अशी करून द्या' म्हणण्यापेक्षा ही वही साइट करणाऱ्याच्या हातात द्या.

नाव स्वतःच्या नावावर घ्या

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण चुकलं तर सगळं जातं. माझ्या मावशीच्या कांदा-लसूण चटणीची साइट एका ओळखीच्या मुलानं करून दिली होती. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पुढं तो नोकरीसाठी परगावी गेला, वर्षाची मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर साइट बंद पडली. पिशव्यांवर, पत्रिकांवर छापलेला पत्ता वाया गेला. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, कागद तेवढा चुकीच्या नावावर होता. म्हणून डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर. शक्य असेल तर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरून टाका.

देवनागरीतला पत्ताही मिळतो. 'डॉट भारत' ही सोय २०१४ पासून आहे. मी तो जोडीला घ्यायला सांगतो. मुख्य पत्ता 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' ठेवावा, कारण बहुतेकांचा हात अजून इंग्रजी कीबोर्डवरच जातो.

मराठी मजकूर खरा मराठी आहे का, ते तपासा

आपल्याकडचा हा जुना घोटाळा आहे. पत्रकं आणि फ्लेक्स करणारे बरेच डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टांत काम करतात. त्या फॉन्टांत आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात, डोळ्यांना फक्त मराठी दिसतं. तोच मजकूर उचलून साइटवर टाकला, की गुगलला तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. तुमचं पान शोधात येणार कुठून? मजकूर फोटोत लिहिलेला असेल तरी जवळपास तीच गत.

तपासणं सोपं आहे. साइटवरचा एक शब्द निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटला तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला आणि गुगलला कळणाऱ्या अक्षरांत आहे. भलतंच काही उमटलं, किंवा शब्द निवडताच आला नाही, तर सगळं पुन्हा टाइप करून घ्या.

आता प्रश्नांची उत्तरं, आणि उलट प्रश्नही

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. वहीतल्या प्रत्येक प्रश्नाला दुकानात देता तसं सरळ उत्तर लिहा. "पावसात चालेल का?" याचं उत्तर "उत्तम दर्जाचे चामडे वापरले आहे" हे नव्हे. उत्तर असं हवं: पावसाळ्यात घालू नका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे कातडं आहे, पाण्यानं खराब होतं. चुकून भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा आणि मग तेलाचा हात फिरवा. असं खरं सांगणाऱ्या दुकानावर लांबच्या माणसाचा विश्वास बसतो.

पण दुकानदार नुसती उत्तरं देत नाही, तो विचारतोही. साइटनेही विचारावं. चपलेचा सगळ्यात अवघड प्रश्न मापाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या नंबरांत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, जेमतेम साडेआठ मिलिमीटर. एवढ्यानं चप्पल परत येते आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर अंगावर पडतं. त्यासाठी साइटवर एक छोटं पान करा. संध्याकाळी, पाय दिवसभराचे थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहा. पेन्सिल सरळ धरून पायाची कड आखा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, चवड्याची रुंदीही मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा या चौकटीत भरा. आकडा भरला की साइट नंबर सुचवते आणि खाली एक वाक्य दाखवते: पाय रुंद असेल तर कागदाचा फोटो पाठवा, आम्ही बघून सांगतो.

यामागचा तक्ता कुठून उचलू नका. तुमच्या दुकानातल्या प्रत्येक नंबरच्या चपलेचा तळ पट्टीनं मोजा आणि त्यावरून बनवा. कारागीर बदलला की माप थोडं बदलतं, हे तुम्हाला माहीत आहे, तक्ता करून देणाऱ्याला नाही. एका दुपारचं काम आहे.

गुळवाल्यांचा प्रश्न वेगळा असतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली मानांकन मिळालं, पण शहरातलं गिऱ्हाईक अजून रंगावरूनच गूळ ओळखतं आणि "हा काळपट का?" म्हणून विचारतं. त्याला साइटवरच दाखवा: काहिलीत रस उकळतोय, रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढली जातेय, रंग उजळवणारी हायड्रॉसची पावडर न घातल्यानं गूळ पिवळाधमक न होता तांबूस उतरतोय. मोबाइलवर काढलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ पुरतो. त्याखाली एक बटण द्या, 'गुऱ्हाळ सुरू झालं की कळवा'. हंगामाआधी ज्यांनी नंबर देऊन ठेवला, त्यांना दिवाळीच्या सुमारास पहिला निरोप जातो. जाहिरातीवर एक रुपया न घालता गिऱ्हाईक तयार असतं.

कारखानदारासाठी: इन्क्वायरीचा फॉर्म

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीची साइट बघणारा माणूस बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचा खरेदी अधिकारी असतो. त्याला भट्टीचा फोटो नको असतो, त्याचं काम तुमच्याकडे होईल का एवढंच हवं असतं. पहिल्याच पानावर तीन गोष्टी आकड्यांत लिहा: लोखंडाच्या कुठल्या ग्रेडचं ओतकाम करता (एफजी २६०, एसजी ५००/७ वगैरे), नगाचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन किती, मशीनिंग करून देता की कच्चं कास्टिंग देता. यानं नको त्या चौकश्या आपोआप गळतात.

मग फॉर्म. ड्रॉइंग जोडायची सोय, ग्रेड, नगाचं वजन, महिन्याची संख्या, पॅटर्न (ओतकामाचा नमुना) कुणाचा, फोन आणि ईमेल. बस्स. ग्रेडच्या यादीत 'माहीत नाही' हा पर्याय ठेवायला विसरू नका. नवीन माणूस तिथंच अडतो आणि लाजून निघून जातो. जीएसटी नंबर, कंपनीची स्थापना, पूर्ण पत्ता हे पुढच्या बोलण्यात विचारता येतं. प्रत्येक जादा चौकट म्हणजे फॉर्म अर्धवट सोडायला आणखी एक कारण. आणि ड्रॉइंग तिसऱ्याला दाखवलं जाणार नाही हे फॉर्मच्या वरच लिहा. खरेदीवाल्यांना ती काळजी असतेच.

फॉर्म पाठवताच उलट निरोप जायला हवा: चौकशी क्रमांक अमुक, ड्रॉइंग मिळालं, अमुक साहेब उद्या दुपारपर्यंत फोन करतील. नाव द्या. 'आमची टीम संपर्क साधेल' या वाक्यावर कुणी विसंबत नाही.

व्हॉट्सॲपचं बटण नीट लावा

बटण सगळेच लावतात, पण दाबल्यावर रिकामी चौकट उघडते आणि माणूस नुसतं 'हाय' लिहितो. मग तुम्ही 'बोला', मग तो 'रेट?', मग तुम्ही 'कशाचा?'. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्येच मजकूर आधी भरून ठेवता येतो. प्रत्येक वस्तूच्या पानावर वेगळा ठेवा: "मला कापशी चप्पल, नंबर ८, तपकिरी रंगाबद्दल विचारायचं आहे." लिंकमध्ये नंबर लिहिताना आधी ९१ लावा. शून्य, अधिकचिन्ह किंवा मोकळी जागा ठेवली तर लिंक चालत नाही. दुकानाचा नंबर व्हॉट्सॲप बिझनेसवर घ्या. त्यात ठरावीक उत्तरं साठवता येतात, दुकान बंद असताना आपोआप निरोप जातो आणि 'पैसे आले', 'पार्सल गेलं' अशा चिठ्ठ्या लावता येतात.

उत्तर कोण देणार, ते आजच ठरवा

बोलणारी साइट करून गप्प बसणं हे साइट नसण्यापेक्षा वाईट. घरातल्या एका माणसावर जबाबदारी टाका आणि वेळ ठरवा: सकाळी अकरा, संध्याकाळी सहा. ऑनलाइन विक्री करत असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण करणाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात ती सोडवावी लागते. खाण्याची वस्तू असेल तर अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक दिसेल असा लिहा. लोकांचे नंबर घेताना ते कशासाठी घेताय ते लिहा आणि त्यांची संमती घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच तो आहे. कुणी 'नाव काढा' म्हटलं तर त्याच दिवशी काढा.

वेग आणि गुगलचा नकाशा

मोबाइलनं काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे वीस फोटो टाकले की आजरा-गगनबावड्याकडच्या नेटवर्कवर पान उघडता उघडत नाही. फोटो दोनशे केबीच्या आत आणा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. त्यांच्या पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट तपासता येतं.

गुगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गुगलच्या नकाशात दिसणाऱ्या तुमच्या दुकानाच्या नोंदीत, दुकानाची वेळ, फोटो आणि साइटचा पत्ता ताजा ठेवा. गुगल पूर्वी या प्रोफाइलमधूनच एक फुकट साइट करून द्यायचं, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. तुमच्या कार्डावर किंवा पिशवीवर अजून तोच पत्ता छापलेला असेल, तर बदलून घ्या.

मोजायचं काय

किती लोक साइटवर आले हा आकडा बघून खूश होऊ नका. व्हॉट्सॲपचं बटण किती जणांनी दाबलं, मापाची चौकट किती जणांनी भरली, फॉर्म अर्धवट किती सुटले, हे मोजा. गुगल ॲनालिटिक्समध्ये ही मोजणी लावता येते, साइट करणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी लावून घ्या. साइटवर शोधायची चौकट असेल तर लोकांनी तिथं काय टाइप केलं ते दर सोमवारी वाचा. 'लहान मुलांच्या' असं पाच जणांनी शोधलं आणि तुमच्याकडं ते पान नाही, तर ते पान त्याच आठवड्यात करा. आणि वही बंद करू नका, नवा प्रश्न आला की आधी वहीत, मग साइटवर.

साइट खुली करण्याआधी

साइट कधीच न बघितलेल्या एखाद्या मावशी-काकांच्या हातात फोन द्या. सांगा, "यातनं तुमच्या मापाची एक चप्पल मागवा." शेजारी बसा आणि तोंडातून शब्द काढू नका. जिथं बोट थांबेल, जिथं चष्मा वर सरकेल, जिथं "आता काय करू?" असं विचारलं जाईल, ती जागा कागदावर टिपा. अशा तीन-चार जणांना बसवा, टिपलेल्या जागा दुरुस्त करून घ्या, आणि मगच पत्ता पिशव्यांवर छापायला द्या.